पांखरांसाठीं दुर्बीण : एका निवडीचा इतिहास



आजच्या भाषणाचा विषय दुर्बीण हा आहे. परंतु ताऱ्यांची नव्हे, पांखरांची. प्रवासाला निघतांना पिशवींत मावेल, खांद्याला जड होणार नाहीं, आणि तळ्याच्या कांठीं बसलेल्या पांखराच्या पायांचा रंगहि सांगूं शकेल, अशी लहानशी एकनळी दुर्बीण कशी निवडावी, हा प्रश्न माझ्या एका जुन्या शाळेनें मला विचारला होता. मी मॅट्रिकच्या पुढें गेलेला नाहीं. प्रकाशशास्त्राचा पंडित तर मुळींच नाहीं. माझें आयुष्य खेड्यांतल्या मुलांना इतिहास-भूगोल शिकविण्यांत गेलें. तेव्हां इतिहासाच्या शिक्षकानें जें करावें तेंच मीं केलें. हें यंत्र आलें कोठून, बदलत गेलें कसें, आणि आपल्या आधींच्या लोकांनीं तें वापरतांना कोणत्या चुका केल्या, हें पाहिलें. त्यांतून जें हातीं आलें तें आपल्यापुढें ठेवतों.

आरंभीं माझ्याच एका चुकीची कबुली दिली पाहिजे. सुमारें वीस वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या शाळेंतल्या सातवीच्या मुलांनीं खाऊचे पैसे सांठवून, आणि गांवांतल्या चार बऱ्या माणसांनीं त्यांत भर घालून, दुर्बिणीसाठीं वर्गणी जमविली. खरेदीचें काम माझ्याकडे आलें. दुकानाचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. दोष माझा होता. खोक्यावर ठळक आंकड्यांत छापलें होतें कीं, ही दुर्बीण वस्तू नव्वदपट मोठी दाखविते. शेजारची दुर्बीण तीसपटच दाखवीत होती, आणि तिची किंमत मात्र जास्त होती. तीसापेक्षां नव्वद मोठे, एवढेंच गणित मीं केलें आणि मोठ्या आनंदानें ती दुर्बीण घेऊन आलों.

हिवाळ्यांतल्या एका रविवारीं चाळीस मुलें घेऊन आम्ही विट्यावरून मायणीच्या तलावावर गेलों. मायणी हें सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यांतलें गांव. तेथील तलाव इंग्रजी अमदानींत बांधलेला, आणि हिवाळीं येणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांसाठीं आमच्या दोन्ही जिल्ह्यांत प्रसिद्ध. एस्. टी. उशिरां आली, पोंचेपर्यंत अकरा वाजले. पैलतीरावर चक्रवाकांची रांग बसली होती. नुसत्या डोळ्यांना ते नारिंगी ठिपक्यांसारखे दिसत होते. मीं दुर्बीण लावली, आणि पाहतों तों ठिपक्यांच्या जागीं मोठे ठिपके, तेहि थरथरणारे! तिवई वाऱ्यानें हालत होती, पाण्यावरची हवा उन्हानें उकळल्यासारखी हालत होती, आणि चित्र इतकें काळोखें कीं, भर दुपारीं दिवेलागण झाल्याचा भास व्हावा. मुलें रांगेनें येत, डोळा लावीत आणि गप्प होत. त्यांत एक मुलगी होती. अभ्यासांत हुशार, स्वभावानें भिडस्त. तिनें डोळा लावला, मग माझ्या तोंडाकडे पाहिलें आणि म्हणाली, "दिसलं, गुरुजी. लई छान दिसलं." तिला कांहींहि दिसलें नव्हतें, हें मला ठाऊक होतें. तिच्यामागून आलेल्या सर्वांना मग "दिसलं"च. त्या दिवशीं मीं मुलांना पक्षी दाखविले नाहींत. मोठ्या माणसाचें मन राखण्यासाठीं न दिसलेलें दिसलें म्हणावें, एवढें मात्र शिकविलें. ती बोच पुढें माझ्या मनांतून गेली नाहीं.

आतां इतिहासाकडे वळूं. दुर्बीण हा शब्द आपल्याकडे फारसींतून आला. दूरचें पाहणारी ती दुर्बीण. यंत्राचा पहिला पक्का उल्लेख मात्र हॉलंडमधला आहे. मिडलबर्ग या गांवच्या हान्स लिपरशे नांवाच्या चष्मे करणाऱ्या कारागिरानें १६०८ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत या युक्तीचा हक्क आपणांस मिळावा म्हणून तेथील सरकाराकडे अर्ज केला. ही विद्या आणखीहि कांहीं लोकांना अवगत आहे, असें दिसून आल्यामुळें तो हक्क त्याला मिळाला नाहीं. पुढच्याच वर्षीं, १६०९ च्या ऑगस्टमध्यें, गॅलिलिओनें व्हेनिसच्या उंच घंटाघरावर तेथील सरदारांना नेऊन आपली दुर्बीण दाखविली. बंदराकडे येणारीं जहाजें नुसत्या डोळ्यांना दिसण्याच्या पुष्कळ आधीं तींत दिसूं लागलीं. लक्षांत घ्या, दुर्बिणीचा पहिला गाजलेला उपयोग आकाशाकडे पाहण्याचा नव्हता. दूरचें जहाज ओळखण्याचा होता. आमची पांखरें पाहण्याची दुर्बीण ही त्याच घराण्यांतली आहे.

१६१० च्या जानेवारींत गॅलिलिओनें ज्या नळीनें गुरूचे चंद्र पाहिले, ती वस्तू सुमारें वीसपट मोठी दाखवीत असे. आज बाजारांत मिळणारी लहान एकनळी दुर्बीणहि साधारणतः पंधरा-वीसपटीपासूनच आरंभ करते. मग चारशें वर्षांत माणसानें मिळविलें काय? मिळविलें तें पट वाढविण्यांत नव्हे, चित्र सुधारण्यांत. गॅलिलिओच्या नळींतून पौर्णिमेचा चंद्रसुद्धां एका वेळीं पुरा दिसत नसे, इतकें तिचें क्षेत्र अरुंद होतें. आणि कडेला रंगांच्या झालरी दिसत त्या वेगळ्याच. हा एकच मुद्दा मला वीस वर्षांपूर्वीं ठाऊक असता, तर मुलांचे पैसे वायां गेले नसते.

गॅलिलिओनंतर लवकरच, १६११ सालीं, केप्लरनें दोन्ही बहिर्गोल भिंगें वापरण्याची रचना सुचविली. तिनें क्षेत्र वाढलें. पण चित्र उलटें दिसूं लागलें. ताऱ्याला उलट-सुलट कांहीं नसतें; मात्र बगळा खालीं डोकें, वर पाय असा दिसूं लागला तर ती दुर्बीण काय कामाची? १६४५ च्या सुमारास शिर्ल द राइटा या धर्मोपदेशकानें आणखी भिंगें घालून चित्र सुलट करण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि जमिनीवर वापरण्याची दुर्बीण तेव्हां खऱ्या अर्थानें जन्मास आली.

याच शतकांत मोठेपणाच्या मोहानें शहाण्या माणसांनाहि पछाडलें. भिंगाची वक्रता कमी ठेवून नळी लांब केली तर रंगांची झालर कमी होते, असें दिसून आल्यावर नळ्या वाढतच गेल्या. डान्झिग येथील हेवेलिअस या ज्योतिष्यानें तर दीडशें फूट लांबीची दुर्बीण उभारली. ती जहाजाच्या डोलकाठीसारख्या खांबाला दोरांनीं टांगावी लागे. थोडा वारा सुटला कीं सगळें हालूं लागे. मायणीच्या कांठीं हालणारी माझी तिवई आणि डान्झिगचा तो खांब यांची जात एकच. जें स्थिर ठेवतां येत नाहीं, तें कितीहि मोठें दाखवीत असलें तरी कांहींच दाखवीत नाहीं.

यांतून सुटका केली ती कांचेनें. दोन निरनिराळ्या जातींच्या कांचांचीं भिंगें एकत्र जोडलीं असतां रंगदोष पुष्कळ कमी होतो, ही गोष्ट इंग्लंडांत अठराव्या शतकांत साध्य झाली; १७५८ सालीं जॉन डॉलंड यानें तिचा हक्क मिळविला. नळी आंखूड झाली. मग एकींत एक सरकणाऱ्या पितळी नळ्यांची, मिटली असतां खिशांत मावणारी दुर्बीण खलाशांच्या आणि सैनिकांच्या हातीं आली. 'लहान हवी, हलकी हवी, प्रवासांत नेतां आली पाहिजे,' ही आपली आजची मागणी त्या खलाशांचीच आहे.

आपल्या महाराष्ट्राच्या भूमीशींहि या यंत्राचा संबंध जवळचा आहे. १८०२ सालीं मद्रासजवळ विल्यम लॅम्टन यानें हिंदुस्थानच्या मोठ्या त्रिकोणमितीय मोजणीचा आरंभ केला. कोनमापक यंत्रावर बसविलेल्या दुर्बिणींतून मैलोगणती दूरच्या डोंगरावरचें निशाण किंवा दिवा पाहून सगळा देश मोजावयाचा, असें तें काम होतें. तें करीत करीत हा गृहस्थ उत्तरेकडे सरकत आला, आणि १८२३ सालच्या जानेवारींत वर्धा जिल्ह्यांतल्या हिंगणघाट येथें मरण पावला. त्याची समाधि तेथेंच आहे. या मोजणीवाल्यांना एक गोष्ट अनुभवानें कळली होती. उन्हांत तापलेल्या जमिनीवरची हवा हालते, आणि त्या हवेंतून कितीहि चांगल्या दुर्बिणीनें पाहिलें तरी निशाण नाचतांनाच दिसतें. म्हणून पावसानें धुतलेल्या स्वच्छ हवेची ते वाट पाहत; पुढें एव्हरेस्टनें तर रात्रीं दिवे लावून वेध घेण्यावर भर दिला. भर अकरा वाजतां तलावाच्या कांठीं दुर्बीण लावणारा मी शिक्षक, हा धडा दोनशें वर्षांपूर्वींच लिहून ठेवलेला होता हें विसरलों होतों.

दुसरें उदाहरण पुण्याचें. तेथील विज्ञान महाविद्यालयांत भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांच्या देणगींतून एक वेधशाळा उभी राहिली, आणि प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीं तेथें वीस इंची आरशाची मोठी दुर्बीण बसविली. त्या काळीं हिंदुस्थानांत तेवढी मोठी दुसरी नव्हती. नायगमवाला निवृत्त झाले, आणि १९१२ सालीं ती वेधशाळा बंद होऊन दुर्बीण कोडाईकनालला गेली. यंत्र मोठें असून भागत नाहीं. त्याला रोज हात लावणारा माणूस मागें असावा लागतो. कपाटांत राहणाऱ्या मोठ्या दुर्बिणीपेक्षां खांद्यावर जाणारी लहान दुर्बीण बरी, हें मत मीं यावरूनच बनविलें.

आतां पांखरांची बाजू पाहूं. आपल्या दख्खनच्या पक्ष्यांची पहिली शास्त्रीय यादी केली ती कर्नल साइक्स यांनीं. ते मुंबईच्या फौजेंतले अधिकारी. १८२४ पासून दख्खनची पाहणी करण्याचें काम त्यांच्याकडे होतें. १८३२ सालीं त्यांची यादी लंडनमध्यें प्रसिद्ध झाली. आपल्या माळरानावर तुरा उभारून गाणारा एक तांबूस चंडोल आजहि त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. परंतु त्या काळीं पक्षी ओळखावयाचा म्हणजे आधीं बंदुकीनें पाडावयाचा, मग हातांत घेऊन पिसें मोजावयाचीं, अशीच रीत होती. काँग्रेसच्या संस्थापकांपैकीं एक असलेले ह्यूम हे पक्षिशास्त्राचेहि मोठे अभ्यासक. त्यांनीं ब्रिटिश म्यूझियमला दिलेल्या पक्षिसंग्रहांतील नमुन्यांची संख्या सुमारें ब्याऐंशी हजार भरते. विद्वत्ता निःसंशय थोर. पण तिची किंमत पांखरांनीं भरली.

१८८३ सालीं मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. १९०८ सालीं बारा वर्षांचा एक मुलगा छऱ्याच्या बंदुकीनें पाडलेली, गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी घेऊन त्या संस्थेच्या दारीं गेला. तेथील मिलर्ड साहेबांनीं त्याला न रागावतां चिमणीचें नांव सांगितलें आणि पेंढा भरलेले पक्षी दाखविले. तो मुलगा म्हणजे डॉ. सलीम अली. याच डॉक्टरांनीं पुढें १९३० सालीं अलिबागजवळ किहीम येथें सुगरणीच्या वसाहतीजवळ तासन्‌तास बसून त्या पांखरांचा संसार पाहिला. जिवंत, चालता, बोलता. १९४१ सालीं त्यांचें हिंदी पक्ष्यांवरील पुस्तक निघालें, आणि साध्या माणसालाहि बंदुकीवांचून पक्षी ओळखतां येऊं लागला. विलायतेंत एडमंड सेलूस यानें बंदूक टाकून १९०१ सालीं पक्षिनिरीक्षणावर पुस्तक लिहिलें होतें, तोहि याच वाटेचा वाटसरू. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें या पालटावर सरकारी शिक्का मारला.

बंदुकीची जागा भिंगानें घेतली, असें जें आपण म्हणतों, तें घडलें कशानें? पक्षी हातांत न घेतां हातांत घेतल्यासारखा दिसूं लागला, म्हणून. इटलींतील पोरो यानें १८५४ सालीं लोलकांच्या साह्यानें चित्र सुलट करण्याची युक्ति काढली. जर्मनींतील झाइस कारखान्यानें १८९४ च्या सुमारास ती दोन डोळ्यांच्या दुर्बिणींत उत्तम रीतीनें उतरविली. १९३५ सालीं त्याच कारखान्यांतील स्माकुला यानें भिंगावर अतिशय पातळ थर देऊन वायां जाणारा प्रकाश वांचविण्याची रीत शोधली. लांब पितळी नळीची जागा मग आंखूड, बंद, धूळ व पाणी आंत न जाऊं देणाऱ्या नळीनें घेतली. पंधरा-वीस हातांवरून बंदूक रोखणारा माणूस शंभर पावलांवर तिवई लावून बसूं लागला. पांखराचा जीव वांचला, आणि माणसाचें ज्ञान कमी न होतां वाढलें.

एवढा इतिहास डोळ्यांपुढें ठेवला म्हणजे निवडीचे नियम आपोआप सुचतात. ते थोडक्यांत सांगतों.

पहिला नियम प्रकाशाचा. पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्यें घ्यावी आणि तिला पटीनें भागावें. जो भागाकार येईल तेवढ्या जाडीचा प्रकाशाचा झोत डोळ्यांत शिरतो. साठ मिलिमीटरचें भिंग आणि वीसपट, म्हणजे तीन मिलिमीटर. दिवसां डोळ्याची बाहुली साधारण दोन-तीन मिलिमीटर उघडी असते, तेव्हां हें प्रमाण उत्तम. त्याच भिंगावर साठपट केली तर झोत एक मिलिमीटर उरतो आणि चित्र मंद होतें. माझी दुर्बीण पन्नास मिलिमीटरची आणि नव्वदपटीची होती. भागाकार करून पाहा, म्हणजे ती दुपारची दिवेलागण कोठून आली तें कळेल. प्रवासासाठीं पन्नास ते पासष्ट मिलिमीटरचें भिंग आणि पंधरापासून चाळीस-पंचेचाळीसपर्यंत पट पुरे. याहून रुंद भिंग संध्याकाळीं जास्त दाखवील, हें खरें. पण तें वाहून न्यावें लागतें, आणि त्याला तिवईहि भारी लागते.

दुसरा नियम स्थिरतेचा. दहापटीच्या पुढें हात कांपतो. तिवईवांचून एकनळी दुर्बीण निरुपयोगी समजावी. सगळा पैसा दुर्बिणीवर घालून तिवई हलकी घेणें म्हणजे पक्कें घर बांधून त्याला पाया न देणें होय. वारा असेल तर तिवईचे पाय आंखूड करावे आणि मधल्या दांड्याला पिशवी टांगावी.

तिसरा नियम कांचेचा. दुकानांतल्या भिंतीकडे पाहून दुर्बीण घेऊं नये. दाराबाहेर यावें, आणि उजळ आकाशापुढची काळी फांदी किंवा देवळाचा कळस पाहावा. कडेला जांभळी-हिरवी झालर फार दिसली, किंवा मधलें चित्र स्पष्ट असून कडा पुसट झाल्या, तर ती कांच बेताची समजावी. पट सर्वांत जास्त करून पाहावी. पुष्कळ दुर्बिणींचें सोंग तेथें उतरतें.

चौथा नियम डोळ्याचा. चष्मा असलेल्यांनीं चष्म्यासकट पाहावें. नेत्रभिंगापासून पंधरा मिलिमीटरहून थोडें अधिक अंतरावर डोळा ठेवूनहि पुरें वर्तुळ दिसलें पाहिजे. नेत्रभिंग सरळ असावें कीं तिरपें, असा वाद आहे. मोटारींतून किंवा आडोशांतून पाहणाऱ्याला सरळ बरें. शाळेसाठीं मात्र तिरपें घ्यावें. कारण लहान-मोठ्या उंचीच्या मुलांना तिवई न हालवितां वांकून पाहतां येतें.

पांचवा नियम आपल्या हवेचा. पावसाळ्यांत भिंगावर बुरशी चढते आणि ती एकदां चढली कीं भिंगाला कायमचा डाग देते. म्हणून नळी जलरोधक असावी, घरीं ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह डब्यांत ठेवावी, आणि अधूनमधून बाहेर काढून वापरावी. सूर्याकडे मात्र ती कधींहि वळवूं नये, डोळा जातो.

आणि शेवटचा नियम हा कीं, काम पाहून हत्यार घ्यावें. चांदोलीच्या किंवा कोयनेच्या दाट रानांत, सागरेश्वरच्या झाडींत, आठपटीची दोन डोळ्यांची दुर्बीणच चालते. पांखरूं क्षणांत फांदी बदलतें. एकनळीचें राज्य मोकळ्या पाण्यावर : मायणीला, येरळवाडीला, किंवा भिगवणजवळ उजनीच्या विस्तारावर. तेथेंहि सकाळीं नवाच्या आंत आणि दुपारीं चारनंतर पाहावें; आणि घरट्यांजवळ किंवा विसाव्याच्या जागेजवळ जाऊं नये. दूरून पाहण्यासाठींच तर हें यंत्र घेतलें.

आतां कथेचा शेवट सांगतों. शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांनीं दिलेल्या देणगींतून नवी दुर्बीण घ्यावयाची होती, आणि मला पत्र आलें तें त्याच शाळेंतल्या एका शिक्षिकेचें. ती म्हणजे तीच भिडस्त मुलगी. तिनें लिहिलें होतें, "गुरुजी, या वेळींहि निवड तुम्हींच करावी." त्या 'हि'नें मला दोन रात्रीं झोंप आली नाहीं. मग वर सांगितलेले नियम कागदावर मांडून, तीन दुकानें फिरून, साठ मिलिमीटरच्या आसपासची, तिरप्या नेत्रभिंगाची, किलोभर वजनाची एक दुर्बीण आणि तिला साजेशी तिवई घेतली. खोक्यावरचा आंकडा या खेपेस लहान होता.

गेल्या हिवाळ्यांत आम्ही पुन्हा मायणीला गेलों. मुक्काम आदल्या रात्रींच विट्याला केला, म्हणून सकाळीं सात वाजतां कांठावर होतों. चिखलांत टिलव्यांचा थवा चरत होता. तिनें दुर्बीण लावून दिली आणि मुलें रांगेनें येऊं लागलीं. चौथा मुलगा डोळा लावून म्हणाला, "बाई, मला काय बी दिसंना." मागचीं मुलें हंसलीं. ती हंसली नाहीं. तिनें त्याचा हात धरून कडें हळूहळू फिरवावयास लावलें आणि म्हणाली, "दिसलं तरच दिसलं म्हणायचं. नाही दिसलं तर मला सांगायचं." मुलगा पुष्कळ वेळ गप्प होता. मग डोळा न काढतां तो म्हणाला, "ह्येचं पाय पिवळं हाईत."

लहान टिलव्याचे पाय काळे असतात, टेमिंकच्या टिलव्याचे पिवळसर. त्याला नांव ठाऊक नव्हतें. पण फरक त्यानें स्वतः पाहिला होता. साइक्स साहेबांना जें सांगण्यासाठीं बंदूक उचलावी लागे, तें सातवींतल्या त्या मुलानें पांखराला कळूंहि न देतां सांगितलें. माझी जुनी बोच त्या सकाळीं पुष्कळशी हलकी झाली. आपणहि दुर्बीण घ्याल तेव्हां खोक्यावरचा आंकडा पाहूं नका. तिच्यातून पाहणाऱ्याला खरें बोलतां येईल एवढें ती दाखविते कीं नाहीं, तें पाहा.